घर ॲव्हरेज किती देतं?
(अमेरिकेत पहिलं घर घ्यायला निघालेल्या मराठी मंडळींना आणि आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र)

सप्रेम नमस्कार,

मंडळाच्या कोजागरीला मसाला दुधाच्या रांगेत माझ्या पुढे एक तरुण जोडपं उभं होतं. घर शोधत होते. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती, त्यामुळे त्यांना आवडलेलं घर मी तिथल्या तिथेच निम्मं पाहून घेतलं. स्वयंपाकघरात ग्रॅनाइट, शाळेचं रेटिंग दहापैकी नऊ, दार पूर्वेला, मागे अर्धा एकर. मी विचारलं, "हीटिंग कशावर आहे?" दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "काकू, आहे ना. घर छान गरम होतं."

होतं रे बाबा. पण कशावर होतं आणि कितीला पडतं?

तेवढ्यात त्यांचा नंबर आला आणि विषय दुधात विरघळला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. मंडळाचा घरखरेदीचा सेमिनार मी दोनदा ऐकला आहे. एक रिअल्टर असतो, एक कर्जवाला, एक वकील. तिघंही चांगलं बोलतात, पण बेसमेंटमध्ये कोणी उतरत नाही. तेव्हा म्हटलं, एक पत्र आपणच लिहावं.

एक खुलासा आधीच करते. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात, शेगडीच्या गॅसलाही गॅसच म्हणतात आणि पाइपातून येऊन घर तापवतो तोही गॅसच. या पत्रात गाडीत घालतो ते पेट्रोल आणि पाइपातून येतो तो गॅस. विजेच्या किलोवॅट-अवरला मी युनिटच म्हणणार, कारण आपण सगळे 'युनिट किती पडले?' विचारतच वाढलो.

आमचं घर आम्ही २००७ च्या शरदात घेतलं. मॅसॅच्युसेट्समध्ये, वुस्टरजवळ. १९२६ साली बांधलेलं, लाकडी, पुढे पोर्च, आत रुंद फळ्यांची जमीन. मी पोर्चवर भाळले आणि आमचे हे किमतीवर. घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने बेसमेंटमध्ये एक काळी, उभट, पायांवर उभी असलेली टाकी दाखवली. २७५ गॅलनची. तिच्या डोक्यावर काचेच्या नळीत एक लाल चकती वरखाली होते, तोच तिचा काटा. आम्ही मान डोलावली. आमच्या मनात हिशेब सिलिंडरचा होता, संपला की दुसरा मागवायचा.

जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री अकराच्या सुमाराला घर गप्प झालं. बॉयलरची घरघर इतकी अंगवळणी पडलेली असते की ती थांबल्यावर कळते. खाली जाऊन पाहिलं तर लाल चकती तळाला टेकलेली. आमच्या तेलवाल्याच्या फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज होता, सोमवारी सकाळी आठ वाजता. बाहेर फॅरनहाइटमध्ये ९ अंश. म्हणजे आपल्या हिशेबात शून्याखाली १३.

शेजारच्या म्हातारबुवांनी वाचवलं. ते पायजम्यावर कोट चढवून आले आणि हातात पिवळा कॅन दिला. लाल कॅन पेट्रोलचा, निळा रॉकेलचा, पिवळा डिझेलचा, हे मला त्या रात्री कळलं. "पंपावर जा, पाच गॅलन डिझेल आणा," म्हणाले. हीटिंग ऑइल आणि डिझेल जवळजवळ एकच. घरच्या तेलावर रस्त्याचा कर नसतो, म्हणून ते कोणी ट्रकमध्ये घालू नये यासाठी त्यात लाल रंग मिसळलेला असतो, हा मुख्य फरक. बर्फात गुडघाभर उभं राहून नरसाळ्याने ते डिझेल भिंतीतल्या पाइपात ओतलं. पण बॉयलर तेवढ्याने सुरू होत नाही, कारण नळीत हवा शिरलेली असते. म्हातारबुवांनी पंपावरची एक छोटी बोल्टासारखी गोष्ट पान्याने सैल केली, मी खाली दह्याचा रिकामा डबा धरला आणि यांनी लाल बटण दाबलं. आधी फुर्र, मग थुंकल्यासारखे शिंतोडे, मग फेस आणि शेवटी एक अखंड धार. "आता आवळा!" बॉयलर धडधडला. ती पाच गॅलन पुरी एक दिवस टिकली. डब्याला तेलाचा वास कायमचा लागला, तो अजून गराजमध्ये आहे.

सोमवारी तेलाचा ट्रक आला. नळी ओढत माणूस घराच्या कडेला गेला आणि बेसमेंटमधून शिट्टी ऐकू येऊ लागली. टाकीत तेल शिरतं तशी आतली हवा दुसऱ्या पाइपाने बाहेर पडते, तिच्या वाटेत शिट्टी बसवलेली असते. शिट्टी वाजतेय तोवर भरायचं, थांबली की टाकी भरली. आमचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, तो त्या ट्रकला 'कुकर' म्हणायचा. कुकर आला की मला पोटात गोळा यायचा, कारण एका शिट्टीला पाचसहाशे डॉलर जायचे.

त्यानंतर आला २००८ चा जुलै. कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढलं होतं आणि सगळीकडे एकच घबराट, हिवाळ्यात काय होणार? आमच्या तेलवाल्याचं पत्र आलं, आताच पूर्ण मोसमाचा भाव बांधून घ्या, गॅलनला ४ डॉलर ६० सेंट. आम्ही बांधला. शहाणपणा केला असं वाटत होतं. डिसेंबरपर्यंत कच्चं तेल चाळिसाच्या खाली कोसळलं आणि शेजारी अडीच डॉलरने टाकी भरत होते. आमच्या ९०० गॅलनांमागे जवळजवळ १,९०० डॉलर पाण्यात गेले. तेलात म्हणूया. करारात भाव खाली आला तर आपलाही खाली येईल असं एक कलम घालता येतं, त्याचे थोडे जास्त पैसे पडतात. ते आम्ही वाचवले होते.

हे सगळं रडगाणं गाण्याचं कारण असं की पुढची तीन वर्षं आम्ही उलट्या टोकाला गेलो आणि ऊर्जेवरचा खर्च कमी करायच्या नादात नको तिथे कंजुषी केली. थर्मोस्टॅट ६२ वर. आई पुण्याहून आली होती, तिने दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून घरात वावरताना एकदा विचारलं, "शेगडीला मीटर लावलाय का ग?" पेट्रोल गॅलनला २० सेंट स्वस्त मिळतं म्हणून आम्ही होलसेल क्लबाच्या पंपावर जायचो, सहा मैल लांब. टाकीत १५ गॅलन मावतात, म्हणजे वाचले तीन डॉलर. जाऊन-येऊन बारा मैलांना अर्धा गॅलन जाळला, म्हणजे दीडएक डॉलर तिथेच गेला. वर रांगेत इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं. मी स्वतः इंजिनिअर आहे. तरीही हे गणित करायला मला दोन वर्षं लागली, यावरून काय ते समजा.

आपल्याकडे नवी गाडी दिसली की पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते?" अगदी लाख डॉलरच्या गाडीलाही आपण तो विचारतो, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण तोच प्रश्न घराला विचारायचा असतो हे सुचत नाही. वास्तविक घरालाही ॲव्हरेज असतं आणि तेलवाल्यांकडे त्याचा आकडा तयार असतो. रोजचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे 'डिग्री डे'. दिवसाची सरासरी २५ अंश असेल तर ४० डिग्री डे. एका गॅलनात घर किती डिग्री डे काढतं, तो त्याचा के-फॅक्टर. याच्याच जोरावर तेलवाला न विचारता बरोबर वेळेला ट्रक पाठवतो. आमच्या घराचा के-फॅक्टर होता साडेसात, म्हणजे अशा थंड दिवशी पाच गॅलनांहून जास्त तेल. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग बरोबर आहे, साडेसातीच लागलीय."

आता जरा सरकारी आकड्यांकडे येते, कारण सेमिनारमध्ये कर्जवाले एक 'सरासरी युटिलिटी खर्च' फळ्यावर लिहितात आणि लोक तो निमूटपणे वहीत उतरवतात.

वाणिज्य खात्याचा ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस दरवर्षी राज्यवार दरडोई ग्राहकखर्च जाहीर करतो. त्यात एक ओळ असते, 'पेट्रोल आणि इतर ऊर्जावस्तू'. वाचणाऱ्याला वाटतं, गाडी आणि घर दोन्ही यात आलं. तसं नाही. गाडीचं पेट्रोल यात, घरचं हीटिंग ऑइल यात, प्रोपेन आणि सरपणही यात. पण वीज आणि पाइपातला गॅस दुसऱ्याच ओळीत, 'घर आणि युटिलिटी' या मोठ्या गाठोड्यात, भाड्याच्या आणि पाण्याच्या शेजारी बांधलेले. परिणाम असा की मेन राज्यातल्या माणसाचा पहिल्या ओळीतला आकडा फुगतो, कारण तिथली निम्म्याहून जास्त घरं तेलावर तापतात, देशात सर्वांत जास्त. गॅसवर तापणाऱ्या घरातल्या माणसाची थंडी त्या ओळीत दिसतच नाही. दोघं तितकेच कुडकुडले, पण एकाचा खर्च पेट्रोलच्या शेजारी आणि दुसऱ्याचा भाड्याच्या पोटात. राज्याराज्यांची तुलना करणारे रंगीत नकाशे फॉरवर्ड होत असतात, त्यातला एखादा आला तर कोणती ओळ रंगवली आहे ते आधी बघा.

शिवाय दरडोई म्हणजे पाळण्यातलं बाळही एक डोई. श्रम-सांख्यिकीवाले माणशी न मोजता कुटुंबासारख्या 'ग्राहक-घटका'चा हिशेब ठेवतात, ते मला जास्त कामाचं वाटतं. त्यांच्या पाहणीत पेट्रोल, इतर इंधनं आणि मोटर ऑइल यांवर एका घटकाचा वर्षाचा सरासरी खर्च २०२० मध्ये १,५६८ डॉलर होता आणि २०२२ मध्ये ३,१२०. दोन वर्षांत दुप्पट. लोकांनी गाड्या दुप्पट चालवल्या का? पहिलं वर्ष टाळेबंदीचं होतं हे खरं. पण २०२२ च्या जूनमध्ये पेट्रोल पाच डॉलरवर गेलं तेव्हाही लोक ऑफिसला गेलेच, कारण ऑफिस आणि घर यांतलं अंतर काही भावाबरोबर आखडत नाही. भाव चढले की सिनेमा बंद करता येतो, हॉटेल बंद करता येतं. ३० मैल हे ३० मैलच राहतात.

हे तीस मैल नीट बघू या. ऑफिस ३० मैलांवर असेल तर रोजचे ६०, वर्षाचे २४० दिवस धरले तर १४,४०० मैल. गाडी २८ चं ॲव्हरेज देत असेल तर ५१४ गॅलन. साडेतीन डॉलरने १,८०० डॉलर. तेच ऑफिस १० मैलांवर असतं तर ६०० डॉलर. फरक वर्षाला १,२०० आणि तो एका गाडीचा. दोघं दोन दिशांना जात असाल तर २,४००. तीस वर्षांच्या कर्जावर लावा, ७२,००० डॉलर होतात, आणि त्यात टायर, ऑइल, विमा, प्रवासात बुडणारी रोजची दीड तासाची झोप काहीच धरलेलं नाही. लांबच्या टाऊनमध्ये घर पन्नास हजारांनी स्वस्त मिळालं म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी पेढ्यांबरोबर हाही कागद वाटावा.

घरून काम करणारे म्हणतील, आम्हाला हे लागू नाही. नसेल. पण २०२१ मध्ये लांब घरं घेतलेले माझ्या ओळखीचे चौघं आता आठवड्याला तीन-चार दिवस गाडी हाकतायत. कंपनीचं धोरण एका ईमेलने बदलतं, घर नाही.

ॲव्हरेजवरूनच आणखी एक, कारण यात हुशार माणसंही फसतात. घरात दोन गाड्या आहेत. एक १५ चं देते, दुसरी ३० चं. एकच बदलायची ऐपत आहे. तिसाची काढून चाळिसाची हायब्रिड घ्यावी, की पंधराची काढून विसाची? मैलांनी बघितलं तर पहिल्यात दहाचा फायदा दिसतो. गॅलनांनी बघा. वर्षाला १२,००० मैलांना तिसाची ४०० गॅलन पिते, चाळिसाची ३००, म्हणजे शंभर वाचले. पंधराची ८०० पिते आणि विसाची ६००, दोनशे वाचले. खादाड गाडीत केलेली थोडी सुधारणा काटकसरी गाडीतल्या मोठ्या सुधारणेला मागे टाकते. घराचंही अगदी तेच. आमच्यासारख्या साडेसातीच्या घरात भिंतीत भरलेला प्रत्येक डॉलर परत आला, आणि आमच्या मित्राच्या २०१५ च्या नव्या घरात तेच काम केलं असतं तर फरक बिलात शोधावा लागला असता.

ते काम आम्ही २०११ मध्ये केलं. मॅसॅच्युसेट्समध्ये 'मास सेव्ह' नावाची योजना आहे, तिचा माणूस घर तपासायला फुकट येतो. फुकट म्हणजे आपल्याच विजेच्या नि गॅसच्या बिलातून कापलेल्या पैशांत, तेव्हा संकोच करू नका, बोलवा. त्याने पुढच्या दारात एक लाल कापडाची चौकट ठोकून बसवली, तिच्यात एक मोठा पंखा, आणि घरातली हवा बाहेर खेचू लागला. मग म्हणाला, आता घरात फिरा आणि हात लावून बघा. प्लगच्या खाचांतून वारा येत होता. जिन्याखालच्या कपाटातून येत होता. माळ्यावर जायच्या झडपेच्या कडांतून तर असा झोत येत होता की तिथे धरलेला कागद फडफडला. इन्फ्रारेड कॅमेऱ्यात आमची बेडरूमची भिंत जांभळी दिसत होती, मधेमधे पिवळे उभे पट्टे, ते आतले खांब. खांबांच्या मध्ये काहीही नव्हतं. १९२६ पासून आम्ही आणि आमच्या आधीचे तीन मालक मिळून वुस्टर काउंटीची हवा तापवत होतो.

तीन दिवसांत त्यांनी बाहेरून भोकं पाडून भिंतींत कागदाचा भुगा भरला, माळ्यावर फूटभर जाडीचा थर पसरला, फटी बुजवल्या. खर्चाचा मोठा वाटा योजनेने उचलला, आमच्या वाट्याचं बिनव्याजी कर्ज मिळालं. पुढच्या हिवाळ्यापासून ९०० चे ६०० गॅलन झाले. के-फॅक्टर सव्वाअकरा. थर्मोस्टॅट ६८ वर, आणि आई पुढच्या खेपेला कानटोपी बॅगेतच ठेवून बसली.

"मग हीट पंप का नाही लावत?" हा प्रश्न मला नेहमी येतो. हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब विजेने खेचून घरात आणणारं यंत्र, उलटा चालवलेला एसीच म्हणा. चांगली गोष्ट आहे, पण विक्रेत्याच्या तोंडून ऐकण्याआधी हे गणित हाताने करा. एक गॅलन तेल बऱ्यापैकी बॉयलरमध्ये जाळलं की जी ऊब मिळते तिला चांगल्या हीट पंपाला सुमारे १३ युनिटं लागतात. आमच्याकडे युनिट ३० सेंटांच्या आसपास, म्हणजे चारला थोडे कमी डॉलर. तेल त्याहून महाग असेल तर फायदा, स्वस्त असेल तर बिलापुरता तोटा. उद्या वॉशिंग्टन राज्यात, जिथे धरणांची स्वस्त वीज आहे, तिथे हाच पंप निम्म्याहून कमी पैशांत तेच काम करतो. मात्र भिंतीच्या कडेने बसवलेले जुने विजेचे बेसबोर्ड हीटर दिसले तर दाराबाहेर येऊन पुन्हा विचार करा. त्यांना त्याच उबेसाठी ३४-३५ युनिटं लागतात, म्हणजे आमच्या दराने दहा डॉलर. बाहेरून ते इतके नीटस दिसतात की घर दाखवणारा 'प्रत्येक खोलीला वेगळा थर्मोस्टॅट' म्हणून त्यांचं कौतुक करतो.

टेक्सासला निघालेल्यांना थंडीचं सांगून उपयोग नाही असं मला वाटायचं. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या हिमवादळाने ते खोटं ठरवलं. तिथे बहुतेक ठिकाणी विजेची कंपनी आपण निवडायची असते. ज्यांनी घाऊक भावाशी बांधलेला प्लॅन घेतला होता त्यांना एरवी वर्षभर स्वस्त पडत होतं, पण त्या वादळात घाऊक भाव युनिटला ९ डॉलर या कमाल मर्यादेला जाऊन चिकटला आणि काही दिवस तिथेच राहिला. हजारो डॉलरची बिलं आली. आमच्या २००८ च्या कराराचाच हा उलटा अवतार. आम्ही चढा भाव बांधून फसलो, ते न बांधता. साध्या स्थिर दराच्या काही प्लॅनमध्येही खोच असते, किमान १,००० युनिट वापरलीत तर सूट मिळते आणि ९९० वापरलीत तर नाही. जाहिरातीतला दर बहुतेकदा त्या हजारावरचाच असतो. लहान घर, दोन माणसं असतील तर तो दर तुमच्या नशिबी येतच नाही. आणि दर स्वस्त म्हणून बिल लहान असं समजू नका. हवाईत वीज देशात सर्वांत महाग, पण घरामागे वापर सर्वांत कमी. लुईझियानात वीज स्वस्त आणि वापर सर्वांत जास्त, कारण उकाडा, एसी आणि विजेवरच तापणारी घरं.

एक गोष्ट मध्येच सांगून घेते. आपण बहुतेक जण नोकऱ्या सांभाळून असलेले लोक आहोत. ऊर्जेचं बिल वाढलं तर आपण चिडतो, इतकंच. आमच्या ज्या म्हातारबुवांनी पिवळा कॅन दिला, ते गेल्यावर त्यांच्या पत्नी एकट्या राहायच्या. एका हिवाळ्यात मी पोळी-भाजी द्यायला गेले तर वरच्या सगळ्या खोल्या बंद, दारांच्या खाली टॉवेल गुंडाळून लावलेले आणि बाई स्वयंपाकघरात पलंग आणून झोपत होत्या. बहुतेक तेलवाले एका वेळी १०० गॅलनांपेक्षा कमी आणत नाहीत. म्हणजे एकदम चारशे डॉलर मोजायचे. ते नसले की माणूस पंपावरून पाच-पाच गॅलन डिझेल आणतो आणि घर तापवायला रस्त्याचाही कर भरतो. वीज-गॅस कंपन्यांना हिवाळ्यात अडचणीतल्या घराची जोडणी तोडायला इथे कायद्याने मनाई आहे, पण तेलाच्या टाकीला तोडायला जोडणीच नसते, ती आपोआप कोरडी पडते. ऊर्जाखात्याच्या माहिती विभागाच्या २०१५ च्या पाहणीत साधारण पाचांतल्या एका कुटुंबाने सांगितलं होतं की बिल भरण्यासाठी त्यांनी अन्न किंवा औषधासारख्या गरजेच्या गोष्टींत काटछाट केली. १९८१ पासून केंद्राची एक मदतयोजना आहे, लायहीप (LIHEAP) नावाची, अर्ज टाऊनमधल्या सामाजिक संस्थेमार्फत करता येतो. त्या बाईंना तिचं नावही ठाऊक नव्हतं. मंडळ दर हिवाळ्यात कोट आणि ब्लँकेटं गोळा करतं, ते करावंच. सोबत दोन कार्यकर्ते हे अर्ज भरून द्यायला बसले तर ती मदत जास्त ऊब देईल.

कार्यकारिणीला माझं मागणं तसं लहान आहे. मार्चच्या सेमिनारमध्ये घर तपासणाऱ्या एका एनर्जी ऑडिटरला अर्धा तास द्या. वकिलांची पंधरा मिनिटं कापली तरी चालतील, ते तसंही प्रश्नोत्तरांत बोलतात. आणि फळ्यावरची ती 'सरासरी युटिलिटी' पुसून टाका. विक्रीला असलेल्या घराच्या मालकाकडे मागच्या दोन हिवाळ्यांची तेलाची किंवा गॅसची बिलं मागता येतात. डॉलर बघू नका, भाव दरवर्षी बदलतो. गॅलन बघा, युनिटं बघा. बिलं देत नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे. कोणी माघार घेऊ लागलं तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी २००७ पासूनची प्रत्येक पावती ठेवली आहे, चपलांच्या खोक्यात.

आणि कोजागरीच्या रांगेतल्या दोघांना: शनिवारी ते घर पुन्हा बघायला जाणार असं तुम्ही म्हणत होतात. ग्रॅनाइट तुम्ही बघितलंय, ते कुठे जात नाही. या वेळी सरळ बेसमेंटमध्ये उतरा. टाकी आहे का बघा, असली तर तिच्या पायांना गंज आहे का, खाली तेलाचा डाग आहे का, आणि बॉयलरला बांधलेल्या कार्डावर शेवटची सर्व्हिसिंगची तारीख कोणती आहे. जुन्या घरांत दिव्याची दोरी जिन्याच्या शेवटच्या पायरीनंतर, डोक्याच्या किंचित वर लोंबत असते. टॉर्च न्या.

तुमची,
रांगेत मागे उभी असलेली काकू